कोरडं फडकं

येल्लोजीअण्णांनी माझं एक मोठं कंत्राट घालवलं. चोरी करून नव्हे, काम बिघडवून नव्हे, तर काम करायला नकार देऊन. गोष्ट जुनी झाली, पण मी ती विसरलेलो नाही. माणूस चांगला होता म्हणून त्याच्यावरचा राग सोडून द्यावा, हे मला पटत नाही. उलट चांगल्या माणसावरचा राग जास्त टिकतो, कारण तो कुणाजवळ बोलता येत नाही. बोलायला गेलं की ऐकणारा त्यांचीच बाजू घेतो. त्यात माझी बायको सुमन पहिली.

राजाजीनगरच्या कारखान्यांच्या गल्लीत माझी शेड आहे. मी निपाणीकडचा. इथं आलो तेव्हा कानडी येत होतं, तेवढंच भांडवल. ग्रिल, जिने, फाटकं करत करत शेड उभी केली आणि जे काही घेतलं ते भाव पाडून घेतलं. पुढे हॉटेलांच्या भटारखान्यांची, शीतखोल्यांची कामं यायला लागली. त्यात तांब्याच्या नळ्या जोडाव्या लागतात. लोखंडाला चालतं ते विजेचं वेल्डिंग तिथं कामाचं नाही. नळीला भोकच पडतं. तिथं गॅसची ज्योतच लागते आणि ती हातात धरणारा माणूस लागतो. गल्लीत ज्याला विचारावं तो एकच नाव सांगायचा.

अण्णा पहिल्यांदा आले ते सायकलवरून. बुटके, रुंद मनगटांचे, उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. डोक्यावरचे केस पांढरे आणि वाळक्या गवतासारखे उभे. ते केसांना तेलाचा थेंब लावत नसत. बेंगळुरूतल्या त्यांच्या वयाच्या माणसाचं डोकं असं कोरडं मी दुसरं पाहिलेलं नाही. मला वाटलं, गरिबी असेल. नंतर कळलं की तो त्यांच्या धंद्याचा भाग होता.

ते इथल्या जुन्या मराठा घरातले. कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर पूर्वज आले आणि इथंच राहिले, असं ते सांगत. त्यांची मराठी घरात जपलेली, कानडी शब्दांनी भरलेली. मी निपाणीचा म्हटल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं तम्मा म्हटलं.

"आम्ही घोड्यावरनं आलो, तम्मा. तू कशावरनं आलास?"

"एसटीनं."

"सरी. म्हणजे तुला घाई असणार."

पगारावर त्यांनी एक शब्द काढला नाही. मी सांगितला तो त्यांनी मान हलवून घेतला, तेव्हा मलाच चुकल्यासारखं वाटलं. मग त्यांनी आपल्या मागण्या सांगितल्या. सिलिंडर उभेच राहतील, कधीही आडवे टाकायचे नाहीत. उन्हात ठेवायचे नाहीत. दोन्ही सिलिंडरना भिंतीशी वेगवेगळी साखळी हवी. अंग धुवायचा साबण वेगळा आणि पाण्यात कालवायचा वेगळा. त्यांच्या अवजारांना दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही.

मला सवयच अशी की कुणी पाच गोष्टी मागितल्या तर तीनवर आणायचं. मी म्हटलं, "साखळी एकच घेऊ, अण्णा. दोन्ही सिलिंडर एकात बांधू."

 दुसऱ्या दिवशी अण्णा सायकलच्या हँडलला एक साखळी गुंडाळून आले. गळपट्ट्याची कडी तिला अजून होती.

"आमचा कुत्रा गेला," ते म्हणाले, "साखळी राहिली होती."

माझ्या शेडमध्ये प्राणवायूचा काळा सिलिंडर पुढे कायम त्या कुत्र्याच्या साखळीनं बांधलेला असे. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? मी त्याच्यासाठी चहा मागवायचो.

अण्णा ऑक्सिजन म्हणत नसत, प्राणवायू म्हणत. दुसरा सिलिंडर गडद तांबडा, जळणाऱ्या गॅसचा. त्याला धंद्यात डीए म्हणतात. त्याला लसणासारखा वास असतो. अण्णा सकाळी शेडमध्ये शिरले की दारातच थांबून नाक वर करत. मग साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक सांध्याला लावत आणि गुडघ्यावर हात टेकून बुडबुडे येतात का ते बघत बसत. बुडबुडा आला नाही की "हं" म्हणत. हे रोज. काल संध्याकाळी त्यांनीच बंद केलेलं असायचं, मध्ये कुणी हात लावलेला नसायचा, तरी रोज. मी एकदा म्हटलं, "कालच बघितलंत की."

"काल जेवलास ना? आज कशाला जेवतोस?"

डीएचा कॉक ते पुरता कधी उघडत नसत. जेमतेम एक वळसा देत आणि चावी कॉकवरच ठेवत. चावी खिशात घालून फिरणाऱ्या एका कारागिराला त्यांनी माझ्यासमोर विचारलं होतं, "आग लागली तर तुझा खिसा कोण शोधणार? आग?"

पेटवण्याची त्यांची एक रीत होती आणि ती कधी बदलली नाही. डोळ्यांवर काळा चष्मा. टॉर्चचं, म्हणजे ज्योतीच्या पितळी नळीचं, तोंड माणसांपासून आणि सिलिंडरांपासून दूर. आधी नुसता डीए, तोही जरासा. काडेपेटी नाही, ठिणगीचा लायटर. त्यावर पिवळी, काजळी सोडणारी ज्योत उठायची. मग प्राणवायू हळूहळू, रडणाऱ्या पोराला समजवावं तसा. ज्योत निळी होत जायची आणि तिच्या आत एक लहान पांढरा कोंब दिसायला लागायचा.

ज्योतींना ते माणसांसारखं ओळखत. कोंबापुढे धूसर पिसारा असेल तर ती "भुकेली", तिला वारा कमी पडतोय. कोंब आखूड, टोकदार आणि आवाज फुसफुसणारा असेल तर ती "भांडखोर", तिनं वारा जास्त घेतलाय, ती धातू जाळते. कोंबाचं टोक गोल आणि आवाज मऊ झाला की "शहाणी". मग ते काम सुरू करत.

मी फोनवर कुणावर तरी ओरडत शेडमध्ये आलो की ते चष्म्याआडून बघत आणि सुमनला म्हणत, "अक्का, ही भांडखोर ज्योत आली बघ. स्वल्प वारा कमी कर."

सुमन दुपारी डबा घेऊन यायची आणि हिशेबाचं काम बघायची. सगळी शेड तिला अक्का म्हणायची. तिला हे फार आवडायचं. मला नाही.

एकदाची गोष्ट सांगतो. एका हॉटेलवाल्याला भेटायला निघालो होतो. अंगावर ग्राइंडिंगची धूळ होती. प्राणवायूची नळी जवळच होती. कॉक उघडला आणि शर्टावर, पँटवर फुर्र करून वारा मारला. गल्लीत सगळे करतात. अण्णांनी कोपऱ्यातून ते पाहिलं. हातातली ज्योत विझवली, सगळे कॉक बंद केले, आले आणि माझा दंड धरून मला शेडच्या बाहेर नेऊन रस्त्यात उभं केलं.

"इथं उभा राहा. हात पसर."

"काय करताय काय, अण्णा?"

"कपड्यांत प्राणवायू भरलाय तुझ्या. ठिणगी पडली तर कापूस पेटल्यासारखा पेटशील. वाऱ्यावर सगळा जाऊ दे."

"किती वेळ?"

"मी सांगेन तोवर."

तेवढ्यात हॉटेलवाला मला न्यायला स्वतःच गाडी घेऊन आला. मी रस्त्याच्या मधोमध, वाळत घातलेल्या शर्टासारखा, हात पसरून उभा. तो काच खाली करून म्हणाला, "काय हो, व्यायाम?" अण्णांनी आतून उत्तर दिलं, "सर, मालकांना ऊन देतोय. वास येत होता."

त्या दिवशी भावात मी कमी पडलो. ज्याला असं उभं पाहिलंय त्याच्यापुढे आवाज चढवता येत नाही.

आता कंत्राटाची गोष्ट. इलेक्ट्रॉनिक सिटीमधल्या एका मोठ्या कंपनीच्या उपाहारगृहाचं काम मला मिळालं होतं. शीतखोलीची तांब्याची नळजोडणी. हे काम वेळेवर झालं तर त्यांच्या बाकीच्या इमारतींची कामंही मलाच मिळणार होती, तसा शब्द होता. त्या एका कामाच्या जोरावर मी शेजारची रिकामी शेड घेणार होतो. उपाहारगृह दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं. नळ्यांचे शेवटचे जोडकाम केलेले भाग विजयादशमीला माझ्या शेडमधून गाडीत चढायला हवे होते. तारीख मीच घासून अलीकडे आणली होती, कारण त्याशिवाय काम मला मिळत नव्हतं.

बेंगळुरूत दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा म्हणजे काय ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. ऑटोपासून लेथपर्यंत सगळ्याला धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू, झेंडूचे हार, आणि दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. पूजेला मांडलेलं अवजार त्या दिवशी वापरायचं नाही. दसऱ्याला मुहूर्ताचं काम करायचं. माझ्या शेडमध्ये मुहूर्ताची पहिली ज्योत अण्णा पेटवत आणि सुमन निरांजनाचं ताट घेऊन त्यांच्या शेजारी उभी राही. ज्योत शहाणी झाली की तिला ओवाळायची, मग कामाला सुरुवात. ही पद्धत तिनंच पाडली होती.

दर वर्षी आपली अवजारं अण्णा स्वतः पुसत. त्या वर्षी त्यांच्या मुलीच्या सासरची माणसं आली होती म्हणून ते आयुधपूजेला घरी राहिले. सुमननं मनापासून सगळी शेड पुसली. पोपटपाना, पक्कड, हातोडे, वजनकाटा, सगळ्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवून चकचकीत केलं. त्याच ओघात तिनं टॉर्चही पुसला आणि सिलिंडरच्या डोक्यावर बसणारे रेग्युलेटरही. रेग्युलेटर म्हणजे दोन घड्याळांचं पितळी यंत्र, आतला दाब कमी करून टॉर्चला सोसेल इतका सोडणारं. ते काढून घेऊन, सांध्याच्या आत बोट घालून तिनं पुसलं. त्यावर हार घातला. इतकं सुंदर पितळ मी कधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी अण्णा आले. नवा शर्ट, केस तसेच उभे. गाडी दारात लागलेली. सुमन ताट घेऊन जागेवर. अण्णांनी हार काढला, रेग्युलेटर उचलला, उजेडाकडे धरला, मग नाकाशी नेला. अंगठा सांध्याच्या आत फिरवला आणि तो अंगठा बघत उभे राहिले.

"कोणी पुसलं?"

"मी," सुमन म्हणाली.

"छान पुसलंयस, अक्का. प्रत्येक अवजार असंच पुसावं. हे सोडून." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काम बंद, तम्मा."

"का?"

"प्राणवायूला तेल लागलंय."

"मग पुसून घ्या."

"वरचं पुसेन. आत गेलेलं?"

"साबणानं धुऊ."

"आत धुता येत नाही. ते खोलून धुणारा माणूस वेगळा असतो, त्याच्याकडे द्यावं लागतं. दाबाचा प्राणवायू आणि तेल भेटले की काडी लागत नाही. कॉक उघडला की तिथंच फुटतं."

"नेहमी फुटतं?"

"नेहमी नाही."

हे त्यांचं उत्तर मी पकडून ठेवलं. नेहमी नाही, तर मग भाव होऊ शकतो. मी म्हटलं, चार सांधेच करा, बाकीचे उद्या. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही लांब उभे राहा, कॉक मी उघडतो. त्यांनी रेग्युलेटर पाठीमागे धरला. नवा रेग्युलेटर आणावा म्हटलं तर दसऱ्याला दुकानं बंद. गल्लीत मागायला निघालो तर तेही बरोबर आले. तीन शेड फिरलो. प्रत्येक ठिकाणी हार घातलेला, चकचकीत. अण्णांनी प्रत्येकाच्या आत अंगठा फिरवला आणि मान हलवली. सगळ्यांच्याच घरी सुमन होती. अख्ख्या गल्लीचा प्राणवायू त्या दिवशी तेल लावून बसला होता.

परत आल्यावर मी ओरडलो. काय बोललो ते लिहीत नाही. गाडीवाला ऐकत होता. अण्णा स्टुलावर बसून प्रसादाचे चुरमुरे खात होते. माझं संपल्यावर म्हणाले, "घासाघीस माणसाशी कर, तम्मा. प्राणवायूला भाव कळत नाही."

गाडी रिकामी गेली. कंपनीनं ते काम आणि पुढची सगळी कामं दुसऱ्याला दिली. शेजारची शेडही दुसऱ्यानं घेतली. तो आता तिथं वातानुकूलन यंत्रं विकतो आणि रोज मला नमस्कार करतो.

आणि माझं दुखणं हे आहे: गल्लीतल्या नंजुंडप्पानं आपला तो तेल लावलेला रेग्युलेटर त्याच दुपारी जोडला. त्याला काही झालं नाही. पुढे कित्येक महिने तो तोच वापरत होता. जो अपघात झालाच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? अण्णा बरोबर होते असं सगळे म्हणतात, पण दाखवायला कुणाकडे काही नाही. माझ्याकडे मात्र शेजारची शेड आहे, रोज दिसणारी.

पुढच्या आयुधपूजेला अण्णा आदल्या दिवशी आले. खिशातून पांढऱ्या सुती कापडाची घडी काढली आणि सुमनच्या हातात दिली. घरी धुतलेली, उन्हात वाळवलेली.

"अक्का, प्राणवायूची पूजा तूच कर. यानं पूस. कोरडं. कुंकू भिंतीला लाव, हार साखळीला घाल. त्याला तेवढं चालतं."

त्यानंतर दर वर्षी तिनं तसंच केलं. कुत्र्याच्या साखळीला झेंडूचा हार. ते फडकं ती वेगळ्या डब्यात ठेवायची. मला त्या डब्याला हात लावायची परवानगी नव्हती.

अण्णांनी काम सोडलं ते छातीमुळे. निघताना साखळी सोडून घेतली, सायकलला गुंडाळली आणि गेले. मग ते मारतहळ्ळीला मुलीच्या फ्लॅटवर राहायला गेले. रेणुका तिचं नाव. मी जायचं टाळत होतो. फुप्फुसं फार थकली आहेत असा तिचा फोन आला तेव्हा सुमन म्हणाली, तू येत नसशील तर मी बसनं जाते. मी गाडी काढली. खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट हवी होती. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की त्या दिवशी काही झालं नसतं. पूर्ण नाही तर निम्मं तरी.

फ्लॅट सातव्या मजल्यावर. दार उघडताच रेणुका गाऱ्हाणं सांगायला लागली. "देवघर दुसऱ्या खोलीत हलवायला लावलं अप्पांनी. या खोलीत उदबत्तीसुद्धा नाही. ओठ फुटलेत, जरा तूप लावते म्हटलं तर हात झटकतात. डॉक्टरपण म्हणाले तेलकट नको, मग तर काय, डॉक्टर शहाणा आहे म्हणतात."

अण्णा खाटेवर उशांना टेकून बसले होते. खूप लहान झाले होते. नाकात नळी. खिडकीशी सिलिंडर, अंग काळं, खांदा पांढरा, आणि खिडकीच्या गजाला कुत्र्याच्या साखळीनं बांधलेला. चावी कॉकवरच.

त्यांनी मला पाहून नाक वर केलं. "भांडखोर ज्योत आली."

थोडं इकडचं तिकडचं झालं. बोलताना त्यांना मध्ये थांबावं लागत होतं. मी फार वेळ धीर धरणारा नाही.

"अण्णा, एक विचारू? त्या दसऱ्याला. काही झालं नसतं ना?"

त्यांनी नाकातली नळी नीट केली. 

"झालं नसतं कदाचित," ते म्हणाले. "नंजुंडप्पाचं कुठं झालं?"

इतकी वर्षं मी ज्यासाठी थांबलो होतो ते त्यांनी असं मागितल्याबरोबर देऊन टाकलं. मी म्हटलं, "मग?"

"तू एकटा असतास तर मी विचार केला असता, तम्मा." त्यांना हसू आलं आणि त्यातून खोकला. रेणुकानं पाठीवर हात ठेवला. खोकला थांबल्यावर त्यांनी बोटानं खाटेच्या शेजारची जागा दाखवली, हातभर अंतरावरची. "अक्का इथं उभी होती. ताट घेऊन."

 सिलिंडरची बारीक सूं सूं ऐकू येत होती. मी भाव करणारा माणूस आहे. समोरच्यानं काहीही सांगितलं तरी माझ्याकडे त्याच्यावर एक आकडा असतो. त्या वेळी नव्हता. पण कंत्राट गेलं ते गेलंच, हे मी आजही म्हणतो, आणि सुमनसमोरही म्हणतो.

निघताना मी लिफ्टचं बटण दाबलं आणि सुमन येईना म्हणून मागे वळून पाहिलं. खोलीचं दार उघडं होतं. सिलिंडरच्या खांद्यावर धूळ बसली होती आणि ती पुसायला तिनं पदर हातात घेतला होता.

"पदर नको, अक्का."

अण्णांनी मान न हलवता डोळ्यांनीच उशाखाली खूण केली. तिनं तिथून पांढऱ्या कापडाची घडी काढली, उलगडली, आणि आधी आपले दोन्ही तळवे त्यांच्यासमोर धरले. अण्णांनी ते उजेडात नीट बघून घेतले.

"हं," ते म्हणाले, आणि ती पुसायला लागली.